ओळखीचं अक्षर

“म्या सांगितलं तसंच लिव्ह बाई. गूळ घालू नगंस त्यात. आन छापून आलं की हितं येऊन मला वाचून दाव. डोळं गेल्यात माजं, कान शाबूत हायेत.”

मनुबाईंचे हे शब्द आम्रपालीच्या कानात अजून ताजे होते. कराडच्या एसटी स्टँडवर ती सांगलीच्या गाडीची वाट बघत उभी होती आणि वरच्या पत्र्यावर श्रावणातली सर तडतडत होती. घटकेत ऊन, घटकेत पाऊस. १९९४ सालचा श्रावण तसाच होता, कशावरच भरवसा ठेवू नये असा.

छातीशी धरलेल्या पिशवीत सांगलीच्या छापखान्यात द्यायची दोनशे दहा पानं होती. औंधजवळच्या एका गावात, सोप्यातल्या घोंगड्यावर बसून, अकरा दिवस तिनं मनुबाईंचं आयुष्य ऐकलं होतं. निघताना म्हातारीच्या हातावर हात ठेवून, वाचून दाखवीन, असा शब्द दिला होता. पुस्तकावर नाव मात्र मनुबाईंच्या मुलाचं, सुभेदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेल्या हंबीररावांचं येणार होतं. आम्रपालीचं कुठंच येणार नव्हतं. तिच्या कामाची रीतच ती.

सहा वर्षं ती असंच लिहीत होती. प्राचार्यांचे गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका, पुढाऱ्यांची मनोगतं, रेडिओवरची दहा मिनिटांची भाषणं. लिहायचं हिनं, टाळ्या दुसऱ्याला. साताऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणी आईला विचारलं, मुलगी काय करते, की जाईबाई म्हणत, लिहिते. कुठं? घरीच. ‘घरीच’ हा शब्द ऐकला की समोरच्या बाईचा चेहरा निवायचा, आणि दुसऱ्या दिवशी रेशनकार्डाचा अर्ज, जावयाला पाठवायचं पत्र, झालंच तर निवडायचे तांदूळ घेऊन ती दारात हजर. घरीच असतेस ना, मग रिकामीच की. बघायला आलेल्या दोन स्थळांनीही तेच विचारलं होतं – नोकरी केव्हा लागणार? तिचे वडील, आबा, असते तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. प्राथमिक शाळेतले मास्तर ते. आम्रपालीच्या लिहिण्याला त्यांनी कधी रिकामपण म्हटलं नाही.

गाडी लागली तशी गर्दी उठली. कुणाच्या तरी छत्रीची तार पिशवीत अडकली, पिशवी टर्रकन फाटली आणि मनुबाईंचं आयुष्य स्टँडच्या ओल्या फरशीवर पसरलं.

आम्रपाली खाली बसली. तिच्यासोबत आणखी एक जण बसला. पस्तिशीच्या आतला, सावळा, चष्म्याचा. हाताच्या बोटांना शाईचे काळे डाग, इतके जुने की कातडीचेच वाटावेत. पानं भराभरा गोळा करता करता तो एकदम थबकला. हातातल्या पानाकडे बघतच राहिला.

तिनं हात पुढे केला. त्यानं पान दिलं नाही.

“हे अक्षर… तुमचं?”

“का?”

“चार वर्षं हे अक्षर माझ्या हातात येतंय,” तो हळू म्हणाला. “खालचं नाव दर वेळी दुसऱ्याचंच. म्हटलं, माणूस आहे तरी कोण हे.”

तो प्रबुद्ध. मूळचा कडेगावचा, ती निघाली होती त्याच, सांगलीतल्या आप्पासोंच्या छापखान्यात जुळारी होता. म्हणजे लाकडी खान्यांतून शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलायचा, ओळी जुळवायच्या आणि पान उभं करायचं. कराडात लग्नपत्रिकांचे गठ्ठे पोचवून तो परत निघाला होता. लोकांनी आपापल्या नावानं छापायला दिलेले मजकूर वर्षानुवर्षं त्याच्या समोर आले होते, आणि त्यातलं एक अक्षर त्याला कुठंही ओळखू येत होतं.

गाडीत जागा शेजारीच मिळाली. त्यानं बोटांवर मोजत यादी सांगितली. त्या प्राचार्यांचा ग्रंथ. बँकेच्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत. आणि दिवाळी अंकातला तो वहिनींचा सल्ला.

“म्हणजे त्या वहिनी तुम्हीच.”

“माझं लग्न झालेलं नाही,” ती पटकन म्हणाली आणि ओठ चावून खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर ऊस होता, नुसता ऊस. हसू दाबायला तेवढा पुरला नाही.

तोही हसला नाही, फार कष्टानं. थोड्या वेळानं म्हणाला, “मार्च महिन्यात तुम्हाला ताप होता का?”

तिनं चमकून पाहिलं. होता. आठ दिवस अंथरुणात बसून तिनं एका संस्थेचा अहवाल पुरा केला होता, कारण आजारी पडायची रजा तिला कुणी द्यायची? त्या संस्थेतल्या एकालाही तो ताप कळला नव्हता.

“अक्षर कलायला लागलं होतं,” तो म्हणाला. “शेवटच्या पानांवर तर फारच. मी ती पानं सावकाश जुळवली. उगीच… घाई करू नये वाटलं.”

आपण लिहितो ते कुणी वाचतं हे आम्रपालीला माहीत होतं. लिहिताना आपण कशा असतो, हे कुणी वाचत असेल असं मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं आपलं नाव सांगितलं. नाव ऐकून त्यानं साधेपणानं जयभीम घातला, तिनंही घातला. पुढचा सारा रस्ता दोघांनी मिळून भिजलेली पानं क्रमानं लावली.

छापखान्याची एक जुनी पद्धत होती. कच्चं प्रूफ तपासायला दोन माणसं लागत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं तोंडानं म्हणत, आणि दुसऱ्यानं प्रुफावर पेन्सिल धरायची. आप्पासोंचा वाचणारा माणूस काम सोडून गेला होता, म्हणून ते आम्रपालीलाच म्हणाले, दर आठवड्याला तुमीच या आणि वाचा. तेवढाच आमचा खोळंबा वाचतोय.

ती येऊ लागली. खिडकीपाशी दोन स्टुलं, मधे शाईनं माखलेलं टेबल, पलीकडं यंत्राची खडखड. ती वाचायची, तो ऐकायचा. मनुबाईंचं माहेर, मनुबाईंची सासू, नवरा फौजेत असताना एकटीनं काढलेली वर्षं. कधीमधी त्याची पेन्सिल थांबायची आणि तो नुसताच ऐकत राहायचा. मग मागची ओळ त्याला पुन्हा वाचायला सांगावी लागे.

“तुमच्या लिखाणात उद्गारचिन्हं फार कमी,” एकदा तो म्हणाला. “आमच्या खान्यात ती तशीच पडून असतात बिचारी.”

“मी हळू बोलणारी आहे.”

“ते कळतं,” तो म्हणाला, आणि इतक्या सहज म्हणाला की तिला स्वल्पविराम कुठं म्हणायचा तेच कळेना.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला ती पांढऱ्या साडीत आली. उपोसथ होता, दुपारनंतर ती काही खात नसे. आप्पासोंनी सगळ्यांना चहा-भजी सांगितली तेव्हा, नको कसं म्हणावं या विचारात ती होती, तोवर प्रबुद्ध बाहेर जाऊन लिंबूपाण्याचा पेला घेऊन आला. पेला तिच्यासमोर ठेवला आणि काही न बोलता पेन्सिल उचलली. बशीतल्या भज्यांना त्यानंही हात लावला नव्हता. तिच्या लक्षात आलं, त्याचाही आज उपोसथच होता.

त्याच दिवशी तानुबाईचं प्रकरण वाचायला निघालं.

ते मनुबाईंनी सर्वांत शेवटी सांगितलं होतं. आधी त्यांनी आम्रपालीला विचारलं होतं, तू कुणाची गं? तिनं सांगितलं, तशी म्हातारी बराच वेळ यमाईच्या डोंगराच्या दिशेनं हात जोडून बसली होती. न दिसणाऱ्या डोळ्यांनीही ती दिशा तिला बरोबर कळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून बोलू लागली आणि आम्रपालीनं तिथंच, सोप्यात बसून, शब्दही न बदलता उतरवून घेतलं. एरवी ती घरी लिहिताना कागदाखाली कार्बन घालून नक्कल ठेवत असे. त्या दिवशी कार्बन साताऱ्यालाच राहिला होता. पुढं नक्कल करून ठेवावी, तर त्या पानांना हात लावायचा धीर झाला नाही. ती तशीच्या तशी छापखान्यात आली.

आता ती वाचत होती:

“‘हंबीर झाला तवा मला लय ताप. अंगावर दुधाचा थेंब न्हाई. शेरडाचं दूध त्याला पचंना. तानुबाई मागल्या दारानं यायची, दिस बुडायच्या वक्ताला. पोराला पदराखाली घ्यायची आन पाजून निगून जायची. दोन महिनं. तिच्या लेकीच्या वाटणीचं दूध माज्या लेकानं प्यालं. समद्यांस्नी ठावं होतं, पर कुनीबी बोललं न्हाई. तानुबाई मेली तवा तिच्या दारात जायला म्या भ्याले. माज्या फुडल्या दारानं ती कदीच आली न्हाई. आता या पुस्तकातनं तरी येऊ दे.’”

पूर्णविराम म्हणायचा राहिला. यंत्राची खडखड कुणीतरी थांबवली होती. प्रबुद्धनं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“माझ्या आजीला सगळ्या गावाची मागली दारं पाठ होती,” तो म्हणाला. “हे पान चांगलं छापायला पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा हंबीरराव छापखान्यातच बसले होते. मुखपृष्ठ पाहायला आले होते. मान देणारा माणूस. तिला पाहून उठून उभे राहिले, स्टूल पुढं केलं. आणि मग, खाली बघत, म्हणाले,

“ताई, तुमी लिवलंय ब्येस. त्यात खोट न्हाई. पर ते एक प्रकरण म्या काढाय लावलंय. गावात ऱ्हायाचं हाय मला. भावकी हाय, पोरींची लग्नं व्हायाचीत.”

आम्रपालीनं मूळ पानं परत मागितली. ती हंबीररावांच्या बंबात जळून गेली होती.

“आन आईला वाचून दावाल तवा ते गाळलंय म्हनू नगा,” दाराशी थांबून ते म्हणाले. “तिला काय दिसतंय? तिच्या जिवाला तेवढंच बरं.”

तिनं आप्पासोंकडे पाहिलं. आप्पासो शाईचा डबा पुसू लागले. ज्याचं पुस्तक त्याचा शब्द, हा धंद्याचा नियम होता. तिचं पुस्तक ते नव्हतंच कधी. जुळवलेली पानं कालच सोडली होती, तानुबाईचे खिळे पुन्हा आपापल्या खान्यांत जाऊन पडले होते. प्रबुद्ध खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. तो काहीतरी बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली. तो बोलला नाही. त्या दिवशी न वाचताच ती परत फिरली, आणि ज्या माणसाला आपला ताप कळतो त्याला हे कळू नये, याचं दुःख तिला मनुबाईंच्या दुःखाहून वेगळं काढता येईना.

रोज पहाटे अंघोळ करून, उदबत्ती लावून ती वंदना म्हणे, पंचशील घेई. आबांनी लावलेली सवय. एकही दिवस चुकला नव्हता. आता चौथ्या शीलापाशी – खोटं बोलणार नाही – जीभ अडखळू लागली. अजून खोटं ती बोलली नव्हती, पण तिच्यापुढं रस्ते दोनच उरले होते. गाळलेलं पुस्तक पुरतं आहे असं भासवून वाचायचं, नाहीतर जायचंच नाही. आठवून पुन्हा लिहावं, तर ते शब्द आम्रपालीचे होणार. म्हातारीनं बजावलं होतं ते नेमकं याच्याचसाठी. जाईबाई नुसत्या बघत. एकदा म्हणाल्या, बाई गं, शाळेत चिकटली असतीस तर निदान हे दुसऱ्याचं ओझं तरी घरी आलं नसतं. आम्रपालीनं मान हलवली. खरंच होतं ते. नोकरीतलं माणूस संध्याकाळी कुलूप लावून येतं.

दसरा झाला आणि एक कार्ड आलं. मनुबाईंनी गावातल्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं. पुस्तक झालं का? कवा येतीस? थंडीच्या आत ये.

दोन दिवसांनी आणखी एक पाकीट आलं. वरचं अक्षर अनोळखी होतं. बारीक, सुटं, प्रत्येक अक्षर जागच्या जागी बसवल्यासारखं. आत तीन ओळी होत्या. ‘सांगलीला यावे. काम आहे, छापखान्याचे नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी या, उपोसथात प्रवास नको.’ खाली नाव पाहिलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, इतके दिवस शेजारी बसून त्याचं अक्षर आपण पाहिलंच नव्हतं. त्या तीन ओळी तिनं बऱ्याच वेळा वाचल्या. इतक्या वेळा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ती गेली. छापखान्यात यंत्र बंद होतं, आप्पासो जेवायला गेले होते. कोपऱ्यात एक नवं टेबल आलं होतं आणि त्यावर कापडानं झाकलेलं काहीतरी. प्रबुद्धनं खणातून एक लांबट गुंडाळी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तीन कच्ची प्रुफं. तिनं पहिल्या ओळीवर नजर टाकली… ‘हंबीर झाला तवा मला लय ताप.’

“सोडायच्या आधी मी काढून ठेवली होती,” तो म्हणाला. “कुणाला न विचारता. गिऱ्हाइकाचा कागद इथून बाहेर जात नाही. म्हणजे मी न दिलेलं घेतलं होतं. दुसरं शील.” तो थांबला. “त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघितलं तेव्हा ही याच खणात होती. पण तुमचं चौथं वाचवायला चोरीचा कागद कसा देऊ? म्हणून गप्प बसलो. पंधरा दिवस धीर झाला नाही. दसऱ्याला आप्पासोंना सगळं सांगून टाकलं.”

“मग?”

“बराच वेळ शिव्या दिल्या. मग म्हणाले, रद्दीतला कागद हाय त्यो, ज्या म्हातारीचा हाय तिला ऐकवाय न्यायचा तर न्या. छापखान्याचं नाव काढू नगा.”

आम्रपालीनं प्रुफांवर हात ठेवला. या कामात तिच्याकडून आजवर पुष्कळांनी पुष्कळ नेलं होतं. तिच्यासाठी कुणी काही राखून ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानं कोपऱ्यातल्या टेबलाकडं बोट केलं. कॉम्प्युटर आला होता. दिवाळीनंतर खिळे भंगारात जायचे होते. तो शिकून घेणार होता, पोटापाण्याचं काही अडणार नव्हतं. पण मग मजकूर टाइप होऊनच येईल, असं तो म्हणाला, आणि पुढचं बोलताना शाईची बोटं एकमेकांत अडकवून बसला.

“मग तुमचं अक्षर माझ्या हाती यायचं नाही. म्हणून आताच विचारतो… आपण लग्न करूया का?”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आम्रपालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“मी दिवसभर घरी असते,” ती म्हणाली. “तुमच्या घरचे मला रिकामी समजतील. शेजारणी तांदूळ निवडायला आणतील.”

“आईला सांगून ठेवलंय. दुपारी खोलीचं दार लोटलेलं दिसलं की हाक मारायची नाही. तांदूळ मी निवडीन.”

“मी हो म्हणायच्या आधीच सांगून ठेवलंत?”

“पानाला कोरी जागा आधी सोडावी लागते,” तो म्हणाला. आणि या वेळी दोघांनाही हसू दाबता आलं नाही.

पण हसू ओसरल्यावर ती गंभीर झाली. प्रुफांची गुंडाळी तिनं काळजीनं ओढणीच्या जुन्या तुकड्यात बांधली, छापून झालेलं पुस्तक पिशवीत टाकलं.

“एक शब्द आधीच दिलेला आहे. तो पुरा करून येते. मग तुमचा.”

तो सोबत येऊ का म्हणाला. तिनं मान हलवली. मनुबाईंनी ते एकटीला सांगितलं होतं, एकटीनंच वाचून दाखवायला हवं. हंबीरराव घरात असले तरी. त्यांनी वाचताना मधेच उठवलं तर अंगणात बसून वाचीन, ती म्हणाली, आवाज माझा लहान आहे, पण म्हातारीचे कान शाबूत आहेत.

स्टँडवर विट्यावरून जाणारी गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. तो खाली उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न सुचलेल्या माणसासारखा.

“परत येताना कडेगावला उतरेन,” ती खिडकीतून म्हणाली. “तुमच्या आईंना भेटायला. त्यांना सांगून ठेवा… की तेही सांगून झालंय?”

तो चष्मा काढून पुसू लागला. तिला कळायचं ते कळलं.

गाडी हलली. सांगली मागं पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाला तुरे येऊ लागले होते. मांडीवरची गुंडाळी उलगडून आम्रपाली वाचू लागली, ओठांतल्या ओठांत, एकेका शब्दावर थांबत. तिथं पोचल्यावर एकही शब्द चुकायला नको होता. तानुबाईच्या नावापाशी ती थांबली, डोळे मिटले, आणि पहाटेचं पंचशील मनाशी पुन्हा एकदा म्हटलं. चौथं न अडखळता गेलं.

कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला. कुठं जायचं?

“औंध,” ती म्हणाली. “एकच द्या.”